गाऱ्हाण्याचा पाऊस

कोंडवणे गावात त्या वर्षी पाऊस गुरुप्रसादने पाडला. हे कुणी चेष्टेने म्हणत नव्हतं, तसा फलकच लागला होता. सातेरीच्या देवळाला लागून कमिटीने जो नवा सभामंडप बांधलाय, त्याच्या दर्शनी भिंतीवर, आठ फूट बाय सहा फूट: ‘आई सातेरीच्या चरणी घातलेल्या सामुदायिक गाऱ्हाण्यास यश! वरुणराजाचे आगमन!’ देवीचा फोटो वरच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष गुरुप्रसाद मात्र मधोमध, हात जोडून, पुरुषभर उंच. देवीची त्याबद्दल काही तक्रार नसावी. निदान तिने तसं कुणाला सांगितलं नाही.

झालं होतं असं. मार्चपासूनच उन्हाने ताळ सोडला होता. काजूचा मोहोर करपला, आंब्याला जे काही लागलं ते सुपारीएवढं होऊन गळलं आणि मेच्या मध्यावर वरच्या वाडीतल्या विहिरींचा तळ दिसू लागला. तेव्हा कमिटीची बैठक बसली. गुरुप्रसादचं कट्टा गावच्या बाजारात सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे, त्यामुळे बैठकीत त्याचाच शब्द शेवटचा असतो. तो म्हणाला, देवीला गाऱ्हाणं घालूया. सोळा तारखेला, शुक्रवारी. शुक्रवार का, तर देवीचा वार. सोळाच का, हे कुणी विचारलं नाही.

आता कोकणातल्या माणसाने मे महिन्यात पाऊस मागावा, यासारखा वेडेपणा दुसरा नाही. मे हा इथे वाळवणाचा महिना. काजूगर, आंबापोळी, फणसाचे पापड, सांडगी मिरच्या आणि या सगळ्यांच्या वर रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळांची, आमसुलं. घराघराच्या पत्र्यावर, अंगणात, कातळावर बायकांची वर्षाची मिळकत उताणी पसरलेली असते आणि तिला फक्त एकच गोष्ट लागते, ऊन. पण गावाला तहान लागली होती, आणि तहान लागलेल्या गावाला कॅलेंडर दिसत नाही. घरटी एक नारळ घेऊन सगळे देवळात जमले. ज्यांची आमसुलं पत्र्यावर वाळत होती, त्यासुद्धा पत्र्याकडे पाठ करून आल्या.

गाऱ्हाणं घालायचा मान भिकाजी गुरवाचा. पण त्या दिवशी त्याचा आवाज बसलाय असं गुरुप्रसादने परस्पर जाहीर केलं आणि माईक स्वतःच्या हातात घेतला. भिकाजी आपला खणखणीत आवाज गिळून बाजूला उभा राहिला.

“आई सातेरी!” गुरुप्रसाद म्हणाला, “तुजी लेकरा पाण्यावाचून तळमळतत. तर तू पावसाक वाट मोकळी कर, आनि ह्या गावाचो मान राख!”

“व्हय महाराजा!” गाव म्हणालं.

विमलाही म्हणाली. हळू म्हणाली, ती सगळंच हळू म्हणते. पहाटे पाचला आंघोळ, तुळशीला पाणी, चहाच्या आधी पोथीचा एक अध्याय, सोमवारी आणि गुरुवारी उपास, असं तिचं तीस-पस्तीस वर्षं चाललंय. विमलाकाकी देवाशी बोलते ते शेजारच्या समईलाही ऐकू जात नाही, असं वाडीत म्हणतात. हळू बोलणाऱ्या माणसाचं मनही हळूच बोलत असणार, असा लोकांचा समज असतो. तो लोकांच्या सोयीचा आहे, म्हणून विमलाने तो कधी मोडला नाही.

देवळातून परतताना तिच्या मनात आलंच, की उद्या आपण रातांबे उतरवायचे आणि आज पाऊस मागून आलो. तिने वर पाहिलं. आभाळ घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं कोरडं होतं. आणि देवी इतकी घाईने कुणाचं ऐकत नाही, हा तिचा जुना अनुभव होता.

सतरा तारखेला तिने आणि शेजारच्या गोदूबाईने बांधावरच्या झाडांचे रातांबे उतरवले. लाल, टचटचीत. दोघींनी दुपारभर बसून ते फोडले, गर आणि बिया वेगळ्या केल्या, सालं मिठाच्या रसात भिजवली. आमसूल होतं ते असं: साल रसात बुडवायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा वाळवायचं. पाच-सहा पुटं दिली की ते काळं, मऊ आणि आंबट होतं, आणि मग कोल्हापूरचा व्यापारी अजय त्याला हात लावतो. एक पुट कमी पडलं तर तो बोटाने दाबून पाहतो आणि पिशवी बाजूला ठेवतो.

विमलाच्या घरी भात घरचा, नारळ घरचे, मीठसुद्धा मिठागरातून पायलीने आणलेलं. रोख पैसा म्हणजे ही चाळीस किलो आमसुलं. दाजींच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, साखरेच्या आजारावरच्या गोळ्या त्यातून यायच्या. गॅसचा सिलिंडर, लाइटचं बिल आणि एसटीचं भाडंही. वर्षातून एकदा टेम्पो दारात उभा राहायचा, आणि पुढचं वर्षभर विमलाला कुणापुढे हात पसरावा लागत नसे. या वर्षी अजयने एकोणतीस तारीख दिली होती.

तीन दिवस कडक ऊन पडलं. दोन पुटं झाली. वीस तारखेला दुपारी तीन वाजता पाऊस आला, आणि बायका पत्र्यावरचं वाळवण गोळा करत होत्या तोवर गुरुप्रसाद फलक छापायला मालवणला पोचलाही होता.

एक सर येऊन गेली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. विहिरींना पाणी, अध्यक्षांना फलक आणि आमसुलांना दुसऱ्या दिवशी ऊन. पण हा पाऊस थांबेचना. दिवस-रात्र, आडवा-उभा, आषाढातला पाऊस वैशाखात येऊन बसला. जो तो म्हणू लागला, असं कधी पाहिलं नव्हतं. दर वर्षी काहीतरी कधी न पाहिलेलं येतं आणि दर वर्षी लोक तेच म्हणतात, जणू न पाहिल्याची नोंद ठेवायला त्यांना कुणी नेमलंय.

विमलाच्या घरात आता माणसांना जागा उरली नव्हती. माळ्यावर आमसुलं, चुलीवरच्या शिंकाळ्यात आमसुलं, देवघराच्या समोर सुपात आमसुलं. चौथ्या दिवशी तिने दाजींच्या खाटेवरची गादी गुंडाळली.

“विमला, मी निजू खंय?” दाजींनी विचारलं.

“पडवीत.”

“पडवीत आंबापोळी आसा.”

“मगे बसून ऱ्हवा.”

“पस्तीस वर्सां झाली,” दाजी म्हणाले, “माजी खाट तू आज पयल्यांदा मागलंस. ती पन सोलांसाठी.”

विमलाला हसू आलं, पण हातातलं साल उलटून पाहताना ते गेलं. सालाच्या पोटात पांढरी लव धरली होती. तिने ते फडक्याने पुसलं. दुसरं उचललं, त्यालाही तीच. चुलीचा धूर देऊन काही वाचेल असं वाटलं होतं, पण लाकडंच ओली. धूर व्हायचा तो डोळ्यांत जायचा.

पाचव्या दिवशी तलाठी आला. नुकसानीचे पंचनामे करायचा वरून आदेश होता. छत्री मिटवून त्याने पडवीत पाय ठेवला, आंबापोळीवर ठेवला, आणि मग उचलला.

“काकी, पिकाचं नुकसान दाखवा.”

विमलाने सूप पुढे केलं.

“हे पीक नाही,” तो म्हणाला. “झाडावरून उतरलं की तो माल होतो. पंचनामा शेताचा असतो, माळ्याचा नसतो.”

“झाडावर असते तर मिळालं असतं?” सरकारी माणसाशी विमला शुद्ध बोलते.

“कोकमाचं झाड सात-बाऱ्यावर आहे का?”

“नाही. बांधावर आपोआप आलंय.”

“मग झाडावर असते तरी नाही.” त्याने कागदावर काहीतरी खोडलं. त्याच्या आवाजात समाधान होतं. एक घर लवकर उरकलं होतं.

त्याच संध्याकाळी गोदूबाई आली. तिच्या घरची आमसुलंही लव धरू लागली होती, आणि बचत गटातल्या बाकी सात जणींचीही. गोदूबाईचा आवाज विमलाच्या आवाजाच्या नेमका उलटा. ती कुजबुजली तरी पलीकडच्या वाडीतली कुत्री उठतात.

“विमला, मंडप रिकामो आसा गो,” ती म्हणाली. “वर पत्रो, खाली लादी, आनि पंखे मोजलंस? चोवीस! चोवीस पंखे हवा खातत नुसते. दोन दिवस चावी गावली तर सोलां वाचतीत.”

खरंच होतं. देवस्थानच्या पावत्यांवर उभा राहिलेला तो मंडप लग्नाच्या भाड्याने द्यायचा म्हणून बांधला होता, आणि गावातली मुलं लग्नं मालवणातल्या एसी हॉलमध्ये करत होती. तेव्हा मंडपात चोवीस पंखे, एक जनरेटर आणि गुरुप्रसादच्या नावाची संगमरवरी पाटी एवढेच नांदत होते.

दोघी गुरुप्रसादच्या पडवीवर गेल्या. तो झोपाळ्यावर बसून मोबाईल पाहत होता.

“अध्यक्षांनू, मंडपाची चावी व्हयी,” गोदूबाईने सुरुवात केली. “दोन दिवस. सोलां पसरतलव.”

गुरुप्रसाद हसला. “गोदूबाय, तो मंडप आसा. खळां न्हय.”

“खाली ताडपत्री घालतलव,” विमला म्हणाली.

“लादी पांढरी आसा, काकी. कोकमाचो डाग जल्माक जाना नाय. आनि उद्या कोणाचा लगीन ठरला तर?”

“कोणाचा?” गोदूबाईने विचारलं. “ह्या पावसात लगीन कोण करता? बेडूक?”

गुरुप्रसादने मोबाईल बाजूला ठेवला. त्याला नाही म्हणायचं होतं, पण नऊ घरांना एकदम नाही म्हणणं कमिटीच्या अध्यक्षाला परवडत नाही. अशा वेळी त्याला देवी आठवते. “हे बघा, जागा देवीची,” तो म्हणाला. “मी एकटो ठरवणारो कोण? सोमवारी कौल लावूया. देवी देता म्हणाली तर आजच्या आज... म्हंजे सोमवारी, चावी तुमची.”

“पत्रे तुज्या दुकानातसून इले, तेव्हा देवीन कौल दिल्यान काय?” गोदूबाई म्हणाली.

“गोदूबाय, तोंड सांभाळ.”

“सांभाळलंय म्हणान इतक्याच बोललंय.”

विमला उठली. तिला एवढंच कळत होतं, की आज शनिवार आहे आणि लव रविवारी सुट्टी घेत नाही.

सोमवारी सकाळी दहाला गाव देवळात जमलं. पाऊस पडतच होता आणि कामं बंद होती, त्यामुळे गर्दी गाऱ्हाण्याच्या दिवसापेक्षा जास्त. विमला उपाशी होती, सोमवार तिचा. तिने पिशवीतून चार आमसुलं आणून देवीपुढे ठेवली होती, जिला निवाडा करायचा, तिने ती पाहावीत म्हणून.

कौल लावायची रीत साधी. भिकाजी गुरवाने देवीच्या पाषाणावर पाणी शिंपडलं आणि उजव्या-डाव्या बाजूला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. उन्हाळ्यात पाकळी पाच-दहा मिनिटांत सुकते आणि सुटते. देवीला फार ताटकळत ठेवायची सवय नाही.

अकरा वाजले. पाकळी पडली नाही.

बारा वाजले. बायका भिंतीला टेकून बसल्या. म्हातारे पेंगले. गुरुप्रसाद दोनदा बाहेर जाऊन फोन करून आला. “देवी विचार करता,” तो म्हणाला.

“विचार करूक तिका काय सिमेंट इकूचा आसा?” गोदूबाई म्हणाली.

साडेबाराला विमला उठून भिकाजीजवळ गेली. “भिकाजी, असा कित्या?”

भिकाजीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “हवा दमट आसा गो. सात दिवस दगडाक सुकूक गावला नाय. पाकळी धरून बसली. आज पडूची नाय, उद्यापन नाय.”

“तुमी अध्यक्षांका सांगलात?”

“सांगलंय.”

“मगे?”

“म्हणालो, बसांदे.”

विमलाने पाषाणाकडे पाहिलं. पाषाणाला घाम फुटावा तसे थेंब साचले होते. रोज पहाटे जिच्यासमोर ती डोळे मिटते, त्या देवीला या माणसाने नाही म्हणायच्या कामावर लावलं होतं. आणि ती नाही म्हणत नव्हती, तर तिला ताटकळत ठेवलं होतं. विमलाला देवीची लाज वाटली नाही. देवीच्या वतीने वाटली.

“माका गाऱ्हाणा घालूचा आसा,” ती म्हणाली.

पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही. गोदूबाईने ते पुन्हा सांगितलं तेव्हा मात्र देवळाबाहेरच्या माणसांनाही कळलं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची या देवळात रीत नाही. दोघा-तिघांनी तसं म्हटलंही. पण घालू नये असं कुठे लिहिलेलं नाही, आणि भिकाजी गुरव एक पाऊल बाजूला सरला.

विमला हात जोडून उभी राहिली. माईक तिने घेतला नाही. ऐकायला गाव पुढे सरकलं.

“आई, धा दिवसांमागे आमी सगळ्यांनी तुज्याकडे पाऊस मागलो. मी पन मागलंय. तू दिलंस. आता भायर फलक लागलो आसा, की तो पाऊस अध्यक्षांच्या शब्दार इलो. तर ज्यांच्या शब्दार इलो, तेंच्याच शब्दार दोन दिवस थांबांदे. नऊ घरांची सोलां सुकतीत. आनि ता तेंका जमणा नसात, तर मंडपाची चावी देवची बुद्धी तेंका दी.”

“व्हय महाराजा!” मागून कुणीतरी सवयीने म्हणालं, आणि मग हशा झाला.

गुरुप्रसादचा चेहरा तापला. “काकी, ह्या काय बोलणा? पाऊस थांबवूचो माज्या हातात आसा?”

“आणूचो होतो?” विमलाने विचारलं. मीठ आहे का घरात, असं विचारावं त्या सुरात.

“तसा नाय गो...”

“मगे कसा?”

गाव ऐकत होतं. गुरुप्रसाद अडचणीत आला की शुद्ध बोलू लागतो. तहसीलदारापुढे बोलून त्याला ती सवय लागलीय. “अहो, तुम्ही समजूतदार आहात,” तो म्हणाला. “याला शास्त्र आहे. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, त्याला मी काय करणार? हवामान खात्याने तर चौदा तारखेलाच सांगितलं होतं, वीसपासून पुढे आठ-दहा दिवस जोरदार पाऊस. मोबाईलवर आलं होतं. मी स्वतः वाचलं...”

तो थांबला. थांबायला उशीर झाला होता.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. पेंगणारे म्हातारे जागे झाले. गोदूबाई बोलायला उठली आणि विमलाकडे पाहून पुन्हा बसली, हे वाडीच्या इतिहासात क्वचित घडलेलं.

“चवदा तारखेक?” विमला म्हणाली.

गुरुप्रसादने खिशातला मोबाईल आणखी आत सारला.

“गाऱ्हाणा तुमी सोळाक घातलात. मी रातांबे सतराक उतरवलंय.” ती बोटांवर मोजत नव्हती, तरी सगळ्यांनी मोजलं. “अध्यक्षांनू, चवदाक, पंदराक, सोळाक, देवळात माईक हातात आसताना, तुमी येवढाच सांगला असतात, बायांनो, पाऊस येतलो आसा. मी सोलां घातली नसती. रातांब्याचा आगळ केला असता. रसात मीठ घातला, बाटली भरली, झाला. आगळाक ऊन लागना नाय. नऊ घरांनी आगळ केला असता.”

“तू पन व्हय महाराजा म्हटलंस मा?” गुरुप्रसाद म्हणाला. आता तो पुन्हा मालवणीवर आला होता आणि ‘तुमी’वरून ‘तू’वर.

“म्हटलंय. माका ठावक नव्हता. तुमका होता.”

एवढंच ती बोलली आणि पाषाणाला नमस्कार करून खाली बसली. उपासाने तिला भोवळ येत होती. बाकी काही नाही.

मग गावातल्या माणसांनी जे करायचं ते केलं, म्हणजे घसा खाकरला. एकाने म्हटलं, जाऊ दे. दुसऱ्याने म्हटलं, झालं गेलं. तिसरा म्हणाला, पण चावी द्यायला काय हरकत आहे. गुरुप्रसादला तो तिसरा माणूस देवदूतासारखा वाटला. त्याने खिशातून जुडगा काढला, वर धरला, आणि फोटोत उभा राहतो तसा उभा राहिला.

“कौल काय, आज ना उद्या होतलो,” तो म्हणाला. “पयली माणुसकी!”

पाकळ्या संध्याकाळी भिकाजीने हाताने काढल्या.

त्या दुपारी नऊ जणींनी मंडपात ताडपत्र्या घातल्या आणि आमसुलं पसरली. चोवीस पंखे एकदम फिरू लागले तेव्हा आंबट वासाने तो मंडप पहिल्यांदाच वापरातला वाटला. मंगळवारी दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू करायला गेले तर त्यात डिझेल नव्हतं. उद्घाटनाच्या दिवशी जेवढं घातलं तेवढंच, फोटो काढेपर्यंतचं. गोदूबाई भर पावसात गुरुप्रसादच्या दुकानात जाऊन उभी राहिली आणि डिझेल घेऊनच परत आली. तिने तिथे काय म्हटलं ते तिने सांगितलं नाही. कट्ट्याच्या बाजारात मात्र चार-पाच दिवस लोक ते सांगत होते.

गुरुवारी अजयचा टेम्पो आला. त्याने आमसूल बोटाने दाबलं, जिभेला लावलं, उजेडात धरलं.

“काकी, चव हाय,” तो म्हणाला, “पण ही हिकडची पंधरा किलोच माल म्हणायची. ही बारा मी अर्ध्या भावात नेतो, तुमच्यासाठी. बाकीचं...” त्याने सुपातल्या पांढरट सालांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. “बाकीचं मी गोव्याकडनं भागवतो यंदा. तिकडं एका गटानं ड्रायर घेतलाय. राग मानू नका.”

“राग कसलो,” विमला म्हणाली.

टेम्पो गेला. विमलाने उरलेली तेरा किलो सालं माडाच्या आळ्यात पुरली. दाजींच्या गोळ्या दिवाळीपर्यंत पुरतील एवढं हातात आलं होतं. दिवाळीनंतरचं दिवाळीनंतर. दाजींना त्यांची खाट परत मिळाली, ते तीवर बसून म्हणाले, “आता हिका सोलांचो वास येता.” विमला म्हणाली, “येवदे. निदान कसलो तरी येता.”

आणि गाव? गावाने जूनच्या पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं, की मोबाईल बघून का होईना, गाऱ्हाणं तर अध्यक्षांनीच घातलं. देवीलाही तारीख माहीत असणारच की. उलट देवीने त्यांना मोबाईलवर कळवलं असं समजायला काय हरकत आहे? असं म्हणणाऱ्यात ते लोक पहिले होते, ज्यांच्या बायकांची आमसुलं माडाच्या आळ्यात गेली होती. ज्याने आपल्याला फसवलं तो मोठा माणूस असावा, असं लोकांना वाटतं; लहान माणसाने फसवलं असं कबूल करायला त्यांना जड जातं.

विमलाने यावर वाद घातला नाही. तिने आपल्या नेमांत एकाची भर घातली.

संध्याकाळी तुळशीकडे दिवा लावला की ती छत्री घेऊन निघते आणि गुरुप्रसादच्या पडवीच्या पायरीवर उभी राहते. “अध्यक्षांनू,” ती विचारते, “उद्या पाऊस काय म्हणता?”

पहिल्या दिवशी तो हसला आणि त्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “काकी, गोदूबायच्या नातीन, अक्षयान, तुमच्या मोबायलात घालून दिला मा ह्या सगळा? तुमी तुमच्यात बगा.”

“बगलंय,” विमला म्हणाली. “माज्यात दिसता. पन तुमच्या तोंडान ऐकूचा आसा.”

आठवड्याने गोदूबाई आली, मग गटातल्या बाकीच्या. पायरीवर नऊ छत्र्या. भात लावणीच्या दिवसांत, कुठल्या दिवशी तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटायचा आणि कुठल्या दिवशी नाही, हे बायका त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेऊ लागल्या. त्याला शब्द गाळता येत नव्हता, कारण गाळला की विमला तेवढाच शब्द हळूच विचारायची. दोनदा तो घरात नाही असं त्याच्या बायकोने सांगितलं. दोन्ही वेळा बायका तो येईपर्यंत थांबल्या, आणि दोन्ही वेळा तो आतल्या खोलीतूनच आला.

श्रावणातल्या एका सोमवारी विमला एकटीच गेली. गुरुप्रसाद झोपाळ्यावर होता, मोबाईल मांडीवर पालथा.

“आज काय नाय, काकी,” तो म्हणाला. “रेंज नाय. सकाळपासून नाय.”

विमलाने छत्री झटकली, मिटली, खांबाला टेकवून उभी केली. पायरीवरचं पाणी पदराने पुसलं आणि बसली.

“येवदे,” ती म्हणाली. “माजो आज उपास आसा. घराक जेवूक जाऊचा नाय.”

गुरुप्रसादने मोबाईल सुलटा केला आणि वाचायला सुरुवात केली.